अमेरिकेतील फुटबॉल क्लबांची ताकद कशी जोखावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

६ डिसेंबर २०२५ रोजी इंटर मायामीने व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सला ३–१ असे हरवून अमेरिका आणि कॅनडातील अव्वल फुटबॉल लीग असलेल्या मेजर लीग सॉकरचा, म्हणजे एमएलएसचा करंडक जिंकला. त्यानंतर आठच दिवसांनी मायामीचे लिओनेल मेस्सी, लुईस सुआरेझ आणि रॉड्रिगो डी पॉल मुंबईत वानखेडे स्टेडियमवर उभे होते. त्या आठवड्यापासून मराठी फुटबॉलप्रेमींमध्ये, इथे आणि न्यू जर्सीतही, एक वाद पुन्हा रंगू लागला आहे: हा क्लब खरोखर किती बलवान आहे, आणि अमेरिकेतल्या कुठल्याही क्लबाची ताकद मोजायची तरी कशी? या वादात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली दिली आहेत. सर्व माहिती २०२५ च्या मोसमाअखेरपर्यंतची आहे.

अमेरिकेतील सर्वांत ताकदवान क्लब कोणता?

हा प्रश्न इंग्लंड किंवा स्पेनबद्दल विचारला, तर गुणतक्त्यातील पहिल्या नावाकडे बोट दाखवून मोकळे होता येते. अमेरिकेत तसे होत नाही, कारण तिथे एकाच मोसमात दोन अव्वल क्लब असू शकतात. ३४ सामन्यांच्या साखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला सपोर्टर्स शील्ड मिळते, आणि त्यानंतरच्या बाद फेऱ्या जिंकणाऱ्याला एमएलएस कप मिळतो. विजेता म्हणून इतिहासात नोंद होते ती कपवाल्याची. १९९६ पासूनच्या ३० मोसमांत दोन्ही मान एकाच क्लबाकडे गेल्याचे फक्त ८ वेळा घडले आहे.

२०२४ चे उदाहरण बोलके आहे. इंटर मायामीने त्या वर्षी साखळीत ७४ गुणांचा विक्रम केला आणि बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात ४० गुणांच्या अटलांटा युनायटेडकडून तीन सामन्यांच्या मालिकेत हार पत्करली. २०२५ मध्ये शील्ड नेली ६६ गुणांच्या फिलाडेल्फिया युनियनने. जगभर ओळखला जाणारा एकही चेहरा या संघात नव्हता. त्यांना बाद फेरीत न्यू यॉर्क सिटीने १–० असे घरी पाठवले, आणि त्याच न्यू यॉर्क सिटीचा पुढच्या टप्प्यात मायामीने ५–१ असा फडशा पाडला.

यात आणखी एक गोम आहे. ३० क्लब पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांत आहेत. प्रत्येक क्लब आपल्या विभागातील १४ जणांशी घरी आणि बाहेर मिळून २८ सामने खेळतो, आणि दुसऱ्या विभागातील फक्त सहा क्लबांशी त्याची गाठ पडते. त्यामुळे पूर्वेचे ६० गुण आणि पश्चिमेचे ६० गुण यांची थेट तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या परीक्षा मंडळांचे टक्के शेजारी ठेवण्यासारखे आहे. चाहते ती करतात, आम्हीही करतो. पण ती सैलच राहणार हे मनात ठेवावे.

पगाराला मर्यादा आहे म्हणतात. मग मेस्सी परवडतो कसा?

मर्यादा आहे, आणि तिला एक अधिकृत दरवाजाही आहे. आयपीएलमध्ये जशी प्रत्येक संघाला सारखीच पर्स मिळते, तसे एमएलएसमध्ये प्रत्येक क्लबाला वर्षाचे सारखेच पगार-अंदाजपत्रक असते. २०२५ साठी ते ५९ लाख ५० हजार डॉलर होते. शिवाय खेळाडूचा करार क्लबाशी होत नाही, तो लीगशी होतो. क्लब त्या लीगमधील एक भागीदार असतो. १९९६ साली लीग सुरू झाली, तेव्हा अमेरिकेतील आधीच्या लीगचा पैसे उधळून झालेला शेवट सर्वांच्या डोळ्यांसमोर होता, आणि हा सगळा पिंजरा त्या भीतीतून उभा राहिला.

२००७ मध्ये डेव्हिड बेकहॅमला लॉस एंजेलिस गॅलेक्सीत आणण्यासाठी या पिंजऱ्याला एक फट ठेवण्यात आली, आणि तिचे नाव पडले ‘डेझिग्नेटेड प्लेअर’. अशा खेळाडूला क्लबमालक हवे तेवढे मानधन देऊ शकतो, मात्र अंदाजपत्रकात त्याच्या नावावर ठरावीक कमाल रक्कमच धरली जाते. २०२५ मध्ये ही रक्कम ७,४३,७५० डॉलर होती. खेळाडू संघटनेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पगारपत्रकात मेस्सीच्या नावापुढे २,०४,४६,६६७ डॉलरची हमी दिसत होती, पण लीगच्या वहीत तो ७,४३,७५० चाच होता.

आता कागद-पेन घेऊन बसावे. क्लबाला असे जास्तीत जास्त तीन खेळाडू ठेवता येतात. तिन्ही जागा भरल्या, तर वहीत त्यांचे २२,३१,२५० डॉलर झाले. ५९,५०,००० मधून ते वजा केले की उरतात ३७,१८,७५०. ज्येष्ठ यादीत एकूण २० जागा असतात, म्हणजे उरलेल्या १७ जणांच्या वाट्याला सरासरी २,१८,७५० डॉलर येतात. एका खेळाडूला दोन कोटी आणि त्याच्या मागे धावणाऱ्या बचावपटूला दोन लाख, अशी ही पंगत आहे. आमच्या मते अमेरिकी क्लबांविषयीच्या निम्म्या वादांचे मूळ या एका भागाकारात आहे.

‘ॲलोकेशन मनी’ म्हणजे खरे पैसे का?

अर्धे पैसे आणि अर्धी सवलत. वरचा भागाकार फार कडक वाटू नये म्हणून लीग प्रत्येक क्लबाला दरवर्षी काही रक्कम वेगळी देते. तिचे ‘जनरल’ आणि ‘टार्गेटेड’ असे दोन प्रकार आहेत, आणि चाहत्यांच्या बोलीत ते गॅम आणि टॅम झाले आहेत. समजा एखाद्या मधल्या फळीतील खेळाडूचा वर्षाचा खर्च १० लाख डॉलर आहे. तो कमाल रकमेच्या २,५६,२५० डॉलरने वर जातो. क्लबाने तेवढा फरक या रकमेतून भरला की तो खेळाडू ‘डेझिग्नेटेड’ न होता यादीत बसतो आणि ती मोलाची जागा मोकळी राहते. गॅम क्लबाक्लबांत विकतही घेता येते, म्हणून अदलाबदलीच्या बातम्यांत एका खेळाडूच्या बदल्यात काही लाखांची गॅम असे विचित्र वाक्य वाचायला मिळते. २०२५ पासून क्लब एकमेकांचे खेळाडू थेट रोख रकमेलाही घेऊ लागले. सिनसिनाटीने पोर्टलंडकडून एव्हांडरला १ कोटी २० लाख डॉलर मोजून आणले, ते याच मार्गाने.

याखेरीज २२ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी आणि स्वतःच्या अकादमीत घडलेल्या मुलांसाठी वेगळ्या सवलती आहेत. त्यांच्या तपशिलात इथे शिरत नाही. एवढे लक्षात ठेवावे की हे सगळे नियम पाठ असलेला क्रीडा संचालक हा या लीगमध्ये एखाद्या चांगल्या स्ट्रायकरच्या तोडीचा असतो.

तीन मोठी नावे असूनही संघ तळाला कसे जातात?

कारण मैदानावर अकरा जण असतात. टोरंटोने २०२२ च्या उन्हाळ्यात लोरेन्झो इन्सिन्ये आणि फेडेरिको बर्नार्देस्की हे युरो विजेत्या इटलीचे दोन खेळाडू आणले. २०२३ चा मोसम त्यांनी २२ गुणांवर, संपूर्ण लीगमध्ये शेवटच्या स्थानी संपवला, आणि जुलै २०२५ मध्ये दोघांचे करार पैसे मोजून संपवले. अटलांटाने २०२५ च्या सुरुवातीला इमॅन्युएल लाते लाथसाठी तब्बल २ कोटी २० लाख डॉलर मोजले, न्यूकॅसलला गेलेला मिगेल अल्मिरोन परत आणला, आणि पूर्व विभागात १५ पैकी १४ वा क्रमांक मिळवला.

म्हणून चाहत्यांनी याद्यांची तुलना करताना पहिली तीन नावे झाकून ठेवावीत आणि चौथ्यापासून चौदाव्यापर्यंतची नावे वाचावीत, असा आमचा आग्रह आहे. डावा बचावपटू जखमी झाला तर कोण येतो? बुधवारी आणि शनिवारी सामने असतील तर मधल्या फळीत फिरवायला किती जण आहेत? दुसरा गोलरक्षक कधी खेळला आहे का? या प्रश्नांची उत्तरे ज्यांच्याकडे असतात, ते क्लब ऑक्टोबरात वर दिसतात.

खुद्द मायामीचा २०२५ चा करंडकही हेच सांगतो. नॅशव्हिलविरुद्धच्या मालिकेत निर्णायक सामन्याला सुआरेझ निलंबित होता. त्याच्या जागी मातेओ सिल्वेत्ती हा तरुण खेळला, संघ अधिक पळू लागला, आणि सुआरेझची बंदी संपल्यावरही सिल्वेत्ती संघात राहिला. बाद फेऱ्यांत ९ गोल करून विक्रम केला तो तादेओ अयेंदेने. मेस्सी होताच, आणि मेस्सीशिवाय हे झाले नसते. पण २०२३ आणि २०२४ मध्येही मेस्सी होता.

२०२४ चा विजेता २०२५ मध्ये एवढा कसा कोसळला?

लॉस एंजेलिस गॅलेक्सीची ही कथा या विषयातील सर्वांत शिकण्यासारखी आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

३० नोव्हेंबर २०२४, पश्चिम विभागाचा अंतिम सामना, समोर सिएटल. दुसऱ्या सत्रात गॅलेक्सीचा सूत्रधार रिकी पुच याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. तो बाहेर गेला नाही. तसाच लंगडत खेळत राहिला आणि ८५ व्या मिनिटाला त्याने बचावफळीच्या मधून असा एक चेंडू सरकवला, की देयान योव्हेलिचला फक्त गोलरक्षकाला चकवायचे उरले. सामना १–० असा संपला. आठवड्याने झालेल्या अंतिम सामन्यात पुच कुबड्यांवर होता. त्याच्या जागी मधल्या फळीत गास्टन ब्रुगमन उतरला, गॅलेक्सीने न्यू यॉर्क रेड बुल्सला २–१ असे हरवले, आणि सामनावीराचा मान ब्रुगमनला मिळाला. त्या दोन गोलांपैकी एक योव्हेलिचचा होता.

आता पुढचा मोसम पाहू. पुच संपूर्ण वर्ष बाहेर. विजेतेपदानंतर पगार वाढतात, बोनस लागू होतात, आणि अंदाजपत्रक मात्र तेवढेच राहते. हिशेब बसवण्यासाठी योव्हेलिच ४० लाख डॉलरला स्पोर्टिंग कॅन्सस सिटीला गेला, अंतिम सामन्याचा मानकरी ब्रुगमन नॅशव्हिलला गेला, आणि मधल्या फळीचा कणा असलेला मार्क डेल्गाडो गावातल्याच प्रतिस्पर्ध्याकडे, लॉस एंजेलिस एफसीकडे गेला. जोसेफ पेंट्सिल, गॅब्रिएल पेक, मार्को रॉयस ही नावे यादीत होतीच. बाहेरून पाहणाऱ्याला संघ जवळजवळ तसाच वाटला. प्रत्यक्षात गॅलेक्सीला पहिल्या १६ सामन्यांत एकही विजय मिळाला नाही. तो मिळाला ३१ मे रोजी, सतराव्या सामन्यात.

युरोपात विजेता क्लब पुढच्या वर्षी आणखी श्रीमंत होतो. इथे विजेता क्लब पुढच्या वर्षी आपलाच संघ विकायला बसतो. लीगला नेमके हेच हवे आहे, कारण सगळ्यांना आळीपाळीने आशा वाटावी हा तिचा हेतू आहे. तो चांगला की वाईट यावर मतभेद होऊ शकतात. परंतु मागच्या वर्षीच्या करंडकावरून यंदाची ताकद ठरवणे इथे चालत नाही, याबद्दल दुमत नसावे.

मग नवा क्लब पहिल्याच वर्षी वर कसा येतो?

त्याच नियमांची ही दुसरी बाजू आहे. सॅन दिएगो एफसीने प्रवेशासाठी ५० कोटी डॉलरचे शुल्क भरून २०२५ मध्ये पदार्पण केले. पहिल्याच सामन्यात त्यांनी विजेत्या गॅलेक्सीला त्यांच्याच मैदानावर २–० असे हरवले (दोन्ही गोल अँडर्स ड्रायरचे) आणि ६३ गुणांसह पश्चिम विभागात पहिले स्थान पटकावले. हिर्विंग लोझानो हे त्यांचे पोस्टरवरचे नाव होते, पण संघाची चाल ड्रायर आणि मधल्या फळीने ठरवली. नव्या क्लबाच्या वहीत जुने, फसलेले करार नसतात. सगळे अंदाजपत्रक एका प्रशिक्षकाच्या एका विचाराभोवती मांडता येते. अर्थात प्रत्येक नव्या क्लबाला हे जमते असे नाही. मायामीने स्वतः २०२० मध्ये सुरुवात केली, तेव्हा पहिली तीन वर्षे त्यांची गणना कोणीच बलवानांत करत नव्हते.

मेक्सिकोच्या क्लबांपुढे अमेरिकी क्लब अजूनही कमी पडतात का?

कॉन्ककॅफच्या, म्हणजे उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या फुटबॉल महासंघाच्या चॅम्पियन्स स्पर्धेचा इतिहास पाहिला, तर उत्तर बहुतांशी होय असे आहे. डी. सी. युनायटेडने १९९८ मध्ये आणि गॅलेक्सीने २००० मध्ये हा करंडक जिंकला होता, पण तेव्हा स्पर्धेचे स्वरूप लहान होते. २००८ नंतरच्या मोठ्या स्वरूपात रिअल सॉल्ट लेक २०११ मध्ये मॉन्टेरेकडून, मॉन्ट्रियल २०१५ मध्ये क्लब अमेरिकाकडून, टोरंटो २०१८ मध्ये ग्वादालाहाराकडून पेनल्टींवर, लॉस एंजेलिस एफसी २०२० मध्ये तिग्रेसकडून आणि २०२३ मध्ये लिऑनकडून, तर कोलंबस २०२४ मध्ये पाचुकाकडून अंतिम सामन्यात पराभूत झाले. २०२५ मध्ये व्हँकुव्हरने उपांत्य फेरीत मेस्सीच्या मायामीला दोन सामन्यांत मिळून ५–१ असे गारद केले, आणि अंतिम सामन्यात क्रूझ अझुलने त्याच व्हँकुव्हरला ५–० असे लोळवले.

या मालिकेत एकच अपवाद आहे, तो सिएटल साउंडर्सचा, मे २०२२ मधला. प्युमासविरुद्ध मेक्सिको सिटीत त्यांनी दोन गोलांची पिछाडी भरून काढत २–२ अशी बरोबरी साधली. घरच्या सामन्याला ६८,७४१ प्रेक्षक होते. पहिल्या अर्ध्या तासातच मधल्या फळीचा आधार असलेला जोआओ पाउलो गुडघा धरून मैदानाबाहेर गेला, आणि त्याच्या जागी आला १६ वर्षांचा ओबेद वर्गास. सिएटलने तो सामना ३–० असा जिंकला. पण या करंडकाची किंमतही त्यांना मोजावी लागली: त्याच वर्षी, लीगमध्ये आल्यापासून प्रथमच, सिएटल बाद फेरीत पोहोचू शकले नाही. दोन आघाड्यांवर लढण्याइतकी यादी खोल नव्हती.

मेक्सिकोत पगार-मर्यादा नाही, त्यामुळे तिथल्या मोठ्या क्लबाचा चौदावा खेळाडू आणि चौथा खेळाडू यांच्यात फार अंतर नसते. उंचीचाही हिशेब धरावा लागतो. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे आणि टोलुका त्याहूनही वर. आणि बाद सामने फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतात, जेव्हा मेक्सिकन क्लबांचा मोसम ऐन भरात असतो आणि अमेरिकी क्लबांचे पाय अजून मोकळेही झालेले नसतात.

एमएलएस आणि मेक्सिकन लीगच्या क्लबांमध्ये होणाऱ्या लीग्ज कपचे दाखले याउलट दिले जातात. २०२३ मध्ये मायामी, २०२४ मध्ये कोलंबस आणि २०२५ मध्ये अंतिम सामन्यात मायामीला ३–० असे हरवून सिएटल, असे तिन्ही विजेते एमएलएसचेच आहेत. मात्र ते सामने अमेरिका आणि कॅनडातच खेळवले जातात, त्यामुळे मेक्सिकन क्लब महिनाभर पाहुणे असतात. हा दाखला द्यावा, पण अर्ध्या वजनाने.

युरोपात हे क्लब कोणत्या पातळीवर टिकतील?

अंदाज बांधायला २०२५ च्या क्लब विश्वचषकाने थोडा तरी पुरावा दिला. मायामीने पोर्तोला २–१ असे हरवले (विजयी गोल मेस्सीच्या फ्री किकचा), अल अहलीशी ०–० आणि पाल्मेरासशी २–२ अशी बरोबरी साधली, आणि पॅरिस सेंट जर्मेनविरुद्ध मध्यंतरालाच ०–४ असे पिछाडीवर गेले. सिएटलने तिन्ही सामने गमावले. लॉस एंजेलिस एफसीला चेल्सीने २–० आणि एस्पेरान्सने १–० असे नमवले, तर फ्लामेंगोशी त्यांनी १–१ बरोबरी केली.

तिघांचे मिळून दहा सामन्यांत एक विजय. हे आकडे शरमेचे नाहीत आणि मिरवण्याजोगेही नाहीत. आमचे मत असे की आघाडीच्या अमेरिकी क्लबाची पहिली अकरा जणांची फळी एका चांगल्या दिवशी युरोपातील मध्यम दर्जाच्या क्लबाला घाम फोडू शकते. पण तोच संघ ३८ सामन्यांच्या मोसमात उतरवला, तर डिसेंबरपर्यंत दोन लाखांच्या बचावपटूंच्या मर्यादा उघड्या पडतील. प्रिमियर लीगमध्ये हा क्लब कितवा येईल, असे विचारणाऱ्याला नेमका क्रमांक सांगणे म्हणजे हवेत बाण मारणे आहे.

पगारपत्रक वाचताना कोणती चूक टाळावी?

खेळाडू संघटनेच्या पत्रकात खेळाडूचे मूळ मानधन आणि हमी रक्कम दिसते. क्लबाने त्याच्यासाठी दुसऱ्या क्लबाला मोजलेली किंमत तिथे नसते. म्हणूनच लहान पगाराचा पण मोठ्या किमतीत आणलेला दक्षिण अमेरिकी तरुण पत्रकात स्वस्त वाटतो. शिवाय लीगच्या वहीतील आकडा तिसराच असतो. या तीन आकड्यांची गल्लत झाली की वाद रात्रभर चालतो आणि दोन्ही बाजू बरोबर असतात.

पदावनती नाही, मग शेवटच्या क्लबाला भीती कसली?

खरे सांगायचे तर फारशी नाही. तळाचा क्लब पुढच्या वर्षीही त्याच लीगमध्ये असतो. म्हणून तळाच्या क्लबाची ताकद उन्हाळ्यानंतर आणखी घसरते. मालक खेळाडू विकून टाकतात आणि पुढच्या वर्षाची जुळवाजुळव सुरू करतात. अशा क्लबावर सप्टेंबरात मिळवलेल्या विजयाला किती वजन द्यायचे, हे चाहत्याने ठरवावे. दुसऱ्या स्तरावरील यूएसएलने (युनायटेड सॉकर लीगने) मार्च २०२५ मध्ये बढती-पदावनतीच्या बाजूने कौल दिला, पण ती व्यवस्था त्यांच्या स्वतःच्या स्तरांपुरती आहे. हे खालचे क्लब अगदीच कच्चे नाहीत: सर्व स्तरांतील क्लबांसाठी असलेल्या यूएस ओपन कपमध्ये २०२२ साली सॅक्रामेंटो रिपब्लिकने एमएलएसच्या सॅन होजे, गॅलेक्सी आणि कॅन्सस सिटी या तिघांना हरवून अंतिम सामना गाठला होता.

मायामीसाठी नियम वाकवले जातात का?

संशय घेणाऱ्यांना एक जुने प्रकरण आधार देते. २०२० मध्ये फ्रान्सच्या ब्लेझ मतुईदीला ‘डेझिग्नेटेड’ दाखवायला हवे असताना मायामीने तसे दाखवले नव्हते. २०२१ मध्ये लीगने क्लबाला २० लाख डॉलर दंड केला आणि पुढील दोन वर्षांच्या ॲलोकेशन मनीमध्ये एकूण सुमारे २२ लाख ७० हजारांची कपात केली. म्हणजे नियम मोडला गेला होता आणि शिक्षाही झाली होती. त्यानंतरचे करार कागदावर बसतात. मात्र सर्जिओ बुस्केट्स आणि जॉर्डी आल्बा हे मेस्सीचे बार्सिलोनातील जुने सोबती त्याच्यासोबत खेळायला मिळावे म्हणून इतरत्र मिळाले असते त्याहून कमी घ्यायला तयार झाले, तेव्हा नियम न मोडताही पारडे झुकले. त्यावर कुठल्याही वहीत उपाय नाही.

भारतातून सामने पाहून मत बनवायचे, तर कोणते पाहावेत?

सामने २०२३ पासून ॲपल टीव्हीवर असतात. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे पाचला आणि पश्चिम किनाऱ्यावरचा सकाळी आठला दिसतो. मायामीचा सामना पहाटे उठून पाहणारे पुष्कळ आहेत. आमची विनंती अशी, की महिन्यातून एकदा तरी चहा घेऊन आठचा सामना पाहावा, तोही बुधवारच्या रात्रीचा, म्हणजे आपल्या गुरुवारच्या सकाळचा, जेव्हा प्रशिक्षकाने मुख्य खेळाडूंना विश्रांती दिलेली असते. क्लबाकडे खरोखर काय आहे, ते त्या नव्वद मिनिटांत दिसते.

वेळापत्रक बदलल्यावर तुलना सोपी होईल का?

काही अंशी. एमएलएसने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की २०२७ पासून मोसम जुलैच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत चालेल. त्याआधी फेब्रुवारी ते मे २०२७ असा १४ साखळी सामन्यांचा छोटा मोसम होईल. त्यानंतर फेब्रुवारीत मेक्सिकन क्लबांसमोर उतरताना अमेरिकी क्लबांचे अर्ध्याहून अधिक सामने झालेले असतील, आणि पाय मोकळे नव्हते ही सबब उरणार नाही. युरोपातील खरेदी-विक्रीचा काळही त्यांच्या मोसमाच्या सुरुवातीला येईल, त्यामुळे ऐन मध्यावर संघ बदलण्याची वेळ कमी येईल. पगार-अंदाजपत्रक, तीन मोठी नावे आणि उरलेले सतरा यांचे गणित मात्र या निर्णयाने बदललेले नाही.